जवळच्याच गरजू मुलाचं शैक्षणिक पालकत्व : मूल कोण, हे आपल्याला माहीत असावं का?

रानजाई

नमस्कार मंडळी. हा विषय बरेच दिवस मनात घोळतोय. इथे अनुभवी लोक आहेत म्हणून मांडते आहे. जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या घराजवळ एक छोटी संस्था आहे. आसपासच्या साठेक मुलांच्या शिक्षणाचा भार ती उचलते. फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, संध्याकाळचा अभ्यासवर्ग असं सगळं. एका मुलाचा वर्षाचा खर्च आपण उचलायचा आणि तो दहावी-बारावीपर्यंत चालू ठेवायचा, अशी त्यांची योजना. मी गेले, बोलले आणि फॉर्म घेऊन आले. सगळा भरला, पण शेवटच्या प्रश्नाला अडले : 'मुलाचं नाव व ओळख कळावी असं आपणास वाटतं का? हो / नाही.' आठ दिवस झाले, फॉर्म कपाटात तसाच पडून आहे.

याआधी मी एका दूरच्या मुलीला दुसऱ्या एका संस्थेमार्फत मदत करत होते. तिचा फोटो यायचा, वर्षातून दोनदा पत्र यायचं. मी ती पत्रं जपून ठेवायची. मग एकदा मैत्रिणीकडे तिला आलेलं पत्र पाहिलं. मूल वेगळं, गाव वेगळं, पण मजकूर शब्दन् शब्द माझ्या पत्राचाच होता. मुलीला मदत पोचत होती की नव्हती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणूनच या वेळी ठरवलं की जवळच्या संस्थेला द्यायचं, म्हणजे जाऊन डोळ्यांनी बघता येतं.

पण जवळचं म्हटलं की दुसरा पेच येतो. ते मूल मला रस्त्यात दिसणार, त्याची आई कदाचित रोज माझ्यासमोरून जाणार.

शाळेत माझ्या बाकावर एक मुलगी बसायची. तिला वह्या फुकट मिळायच्या, आणि त्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर देणाऱ्याचं नाव ठळक अक्षरात छापलेलं असायचं. वह्या ज्या दिवशी मिळायच्या त्याच दिवशी ती घरी जाऊन सगळ्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घालायची. आम्ही सगळे आठवडाभर टंगळमंगळ करायचो, तिची कव्हरं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी तयार. बाई तिचं कौतुक करायच्या, 'बघा, किती टापटीप आहे.' एकदा एक कव्हर फाटलं आणि खालचं नाव दिसायला लागलं, तर तिने तास संपेपर्यंत त्यावर हाताचा पंजा ठेवला होता. लिहीत होती एका हाताने, वही सरकत होती, पण पंजा काही काढला नाही. तो पंजा मला अजून दिसतो.

तर सांगा, 'हो'वर खूण करू की 'नाही'वर? आणि जवळच्या संस्थेला देताना आणखी काय बघायचं?

---

दीपमाळ

रानजाई, फार महत्त्वाचा विषय काढलात. मी अकरा वर्षं अशाच एका संस्थेत स्वयंसेवक आहे, त्यामुळे पडद्यामागचं थोडं सांगू शकतो.

आधी हे विचारा की तुमचे पैसे खरंच त्या एका मुलाच्या नावावर पडतात, की सगळ्या मुलांच्या एकत्र निधीत जातात. दोन्ही पद्धती प्रामाणिक असू शकतात, फक्त तुम्हाला एक सांगून दुसरं व्हायला नको. आम्ही सुरुवातीला एका देणगीदाराला एक मूल, असं जोडून द्यायचो. दोन-तीन वर्षांत त्यातली अडचण कळली. चुणचुणीत, गोड दिसणाऱ्या, पहिल्या पाचात येणाऱ्या मुलांना पालक पटापट मिळायचे. तेरा-चौदा वर्षांचा, नापास झालेला, तुटक बोलणारा मुलगा यादीत तसाच राहायचा, आणि खरी गरज त्यालाच असायची, कारण शाळा सुटण्याच्या काठावर तोच उभा असतो. एका घरात तीन भावंडं असली की धाकटीला पालक मिळायचा आणि थोरल्याला नाही. मग धाकटीचं नवं दप्तर घरात आलं की थोरल्याचा चेहरा बघवायचा नाही.

आता आम्ही निधी एकत्र ठेवतो आणि खर्च मुलागणिक लिहितो. देणगीदाराला आपल्या रकमेत काय काय झालं ते कळतं, मूल कुणाच्या नावाला बांधलं जात नाही.

दुसरं म्हणजे तुमच्या क्षमतेबद्दल स्वतःशी खरं बोला. पाचवीत धरलेलं मूल बारावीला पोचायला सात वर्षं लागतात. सात वर्षांत नोकरी जाते, आजारपणं येतात, बदली होते. तुम्ही थांबलात तर त्या मुलाचं पुढच्या सत्रात काय होतं, हे संस्थेला स्पष्ट विचारा. किमान एका वर्षाचा खर्च राखीव ठेवणारी संस्था असेल तर निश्चिंत राहा. 'बघू, कुणीतरी मिळेलच' असं उत्तर आलं तर त्यांना म्हणावं, आधी ती सोय करा.

---

औदुंबर

मी संस्थांचे हिशेब तपासण्याचं काम करतो, तेवढ्यापुरतंच लिहितो.

संस्थेची नोंदणी, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि विश्वस्तांची नावं मागा. ज्यांना लपवायचं नसतं ते फाईल लगेच समोर ठेवतात. ताळेबंदात दोन गोष्टी आवर्जून बघा. विश्वस्त सगळे एकाच घरातले आहेत का, आणि संस्था ज्या जागेचं भाडं भरते किंवा जिथून गणवेश घेते ती जागा, ते दुकान त्यांच्यापैकीच कुणाचं आहे का. तसं असणं म्हणजे चोरीच असं नव्हे, पण मग दर कसा ठरवला याचा कागद हवा.

आणखी एक, कारण यावर फार गैरसमज आहेत. 'आमचा व्यवस्थापनाचा खर्च शून्य, प्रत्येक पैसा मुलांना' असं कुणी सांगितलं की लोक खूश होतात. मी जरा सावध होतो. मुलांच्या घरी जाऊन येणाऱ्या कार्यकर्तीला पगार लागतोच. तिचा पगार वाचवला की मूल शाळेत जातंय की कामावर, हे बघायला कुणीच उरत नाही. मुलाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा खर्च बरेचदा तोच असतो.

पावती तर घ्याच. रोख देऊ नका.

---

नदीकाठ

मला या कल्पनेबद्दलच मनापासून शंका आहे, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो.

एका मुलाला एक पालक जोडायची पद्धत बऱ्याच अंशी युद्धांच्या काळात रुजली. १९१९ मध्ये एग्लंटाइन जेब आणि त्यांची बहीण डोरोथी बक्स्टन यांनी लंडनमध्ये 'सेव्ह द चिल्ड्रन' सुरू केली, पहिल्या महायुद्धानंतर उपासमार होणाऱ्या शत्रुदेशांतल्या मुलांसाठी. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धातल्या पोरक्या मुलांसाठी 'फॉस्टर पेरेंट्स प्लॅन' निघाली, तीच पुढे 'प्लॅन इंटरनॅशनल' झाली. तिथे मूल बरेचदा खरोखरच एकटं असायचं, आईबाप मारले गेले होते किंवा हरवले होते. पालक जोडून देण्याला त्या परिस्थितीत अर्थ होता. आपल्या शेजारच्या मुलाला आईबाप आहेत. त्याला पालक कमी नाही, पैसा कमी आहे. मग त्याच्यापुढे दुसरा पालक का उभा करायचा?

आणि फोटो-पत्रांच्या प्रकाराबद्दल रानजाईंना जे वाटलं ते फार जणांना वाटून गेलंय. १९९८ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून'च्या पत्रकारांनी आपली ओळख न देता मोठ्या संस्थांमार्फत बारा मुलांचं पालकत्व घेतलं आणि नंतर जाऊन त्या मुलांना शोधलं. काहींपर्यंत मदत जेमतेम पोचली होती. एक मूल तर केव्हाच मरण पावलं होतं, तरी इकडे त्याच्या नावाने पत्रव्यवहार चालू होता.

माझं मत, मूल निवडूच नका. शाळेला, अभ्यासवर्गाला, वाचनालयाला द्या.

---

मुक्ता७

नदीकाठ, तुमचा मुद्दा बराचसा पटतो, पण दुसरी बाजूही तपासलेली आहे.

ब्रूस विडिक, पॉल ग्लेवे आणि लेन रटलेज या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास २०१३ मध्ये 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी'त आला. लहानपणी अशी मदत मिळालेली माणसं मोठेपणी कुठे पोचली, हे त्यांनी सहा देशांत पाहिलं. त्यात भारतही होता. एकूण १०,१४४ व्यक्तींची माहिती होती, आणि तुलना मदत न मिळालेल्या सख्ख्या भावंडांशीसुद्धा केली होती. मदत मिळालेली मुलं सरासरी १.०३ ते १.४६ वर्षं जास्त शिकली. नोकरी मिळण्याचं आणि बऱ्या नोकरीचं प्रमाणही जास्त निघालं.

मला त्यातला महत्त्वाचा भाग वाटला तो वेगळाच. हा फरक नुसत्या फी-पुस्तकांनी पडला नसावा, 'मी पुढे काहीतरी होऊ शकते' ही आशा वाढल्यामुळेही तो पडला असावा, असं त्यांच्या हाती लागलं. नंतर ग्लेवे आणि विडिक यांनी फिलिप रॉस यांच्यासोबत इंडोनेशियात ५४० मुलांना स्वतःचं चित्र काढायला दिलं. मुलं स्वतःला किती लहान काढतात, तोंड हसरं की उतरलेलं, रंग कोणते, यावरून त्यांच्या मनात डोकावायचा प्रयत्न होता. मदत मिळणाऱ्या मुलांच्या चित्रांत आनंद आणि स्वतःवरचा भरवसा जास्त दिसला.

हे अभ्यास ज्या मदत-कार्यक्रमावर झाले त्यात मुलं आठवड्यातून काही तास केंद्रावर येत असत आणि तिथली माणसं त्यांना नावानिशी ओळखत असत. म्हणून मला वाटतं, मुलाला ओळखणारं, 'काय गं, काल का नाही आलीस?' म्हणणारं मोठं माणूस हवंच. ते माणूस पैसे देणाराच असला पाहिजे असं मात्र काही नाही.

---

कोरा_कागद

+१ शेवटच्या दोन वाक्यांना.

---

पाटीपेन्सिल

मी इथे सहसा नुसता वाचतो. हा धागा वाचून राहवलं नाही.

मी तसा मुलगा होतो. सहावी ते बारावी. माझा खर्च उचलणारे काका आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे. संस्थेने आमची ओळख करून दिली होती, त्या काळी तशीच पद्धत होती.

माणूस सोन्यासारखा, हे आधी लिहितो. एका शब्दाने त्यांनी मला कधी उपकाराची जाणीव करून दिली नाही. पण निकाल लागला की आई मला घेऊन त्यांच्याकडे जायची. प्रगतिपुस्तक त्यांच्या हातात द्यायचं, ते चष्मा लावून वाचायचे, मी समोर खुर्चीच्या कडेला टेकलेला. आठवीत मला गणितात काठावरचे गुण पडले. ते वाचून ते एवढंच म्हणाले, 'पुढच्या वेळी होईल.' आईने मात्र तिथेच मान खाली घातली. वडील असते तर त्यांच्यासमोर मी रडलो असतो, भांडलो असतो, पेपर अवघड होता म्हणालो असतो. तिथे यातलं काहीच करता येत नव्हतं. त्यानंतर वर्षभर मी त्यांच्या गल्लीतून गेलो नाही. शाळेला लांबच्या रस्त्याने जायचो, रोज दहा मिनिटं आधी निघायचो.

माझ्या पायात क्रिकेटचे नवे बूट होते, ते मामाने दिले होते. तरी त्यांना ते दिसले तर 'आमच्या पैशाचे' वाटतील म्हणून मी ते फक्त मैदानात घालायचो. त्यांना असं काही वाटलंही नसतं. पण वाटेल का, याचा विचार मी करायचो आणि वर्गातल्या इतर पोरांना तो करावा लागत नव्हता.

बारावीनंतर मदत संपली. त्यानंतर एकदा मी आपणहून त्यांच्याकडे गेलो, पहिल्यांदाच आईशिवाय. तेव्हा आम्ही दोन तास गप्पा मारल्या. त्यांना बुद्धिबळ येतं हे मला सात वर्षांत माहीत नव्हतं.

रानजाई ताई, तुमच्या मैत्रिणीचा पंजा मला समजला. निर्णय तुमचा.

---

रानजाई

पाटीपेन्सिल, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल काय म्हणू? दोनदा वाचलं. आईने मान खाली घातली, त्या वाक्याशी बराच वेळ थांबले.

---

अंगणवेल

मी प्राथमिक शिक्षिका आहे. एका शब्दाबद्दल बोलायचंय : 'दत्तक'.

आपल्याकडे सर्रास म्हणतात, 'आम्ही एक मुलगी शिक्षणासाठी दत्तक घेतली.' योजनांची नावंही 'दत्तक-पालक' अशीच असतात. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांना शाळेच्या कार्यक्रमात, माईकवरून, ही मुलगी अमक्यांनी दत्तक घेतली आहे असं ऐकावं लागलं. ते मागच्या रांगेत उभे होते, कामावरून तसेच आले होते. कार्यक्रम संपल्यावर माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, 'बाई, ती माझीच आहे ना?' मला उत्तर सुचेना. पुढच्या वर्षी त्यांनी मदत नाकारली. मुलगी टिकली, पण आईने आणखी दोन घरची कामं धरली तेव्हा.

दत्तक घेणं ही कायद्याची वेगळी प्रक्रिया आहे, तिच्यात मुलाचं घर बदलतं. इथे तसं काहीच होत नसतं. शैक्षणिक पालकत्व म्हणा, शिष्यवृत्ती म्हणा. मला 'शिष्यवृत्ती' जास्त आवडतो. तो मिळवल्यासारखा वाटतो आणि मुलं तो मोठ्याने सांगतात.

---

झुळूक

एक बाळबोध प्रश्न विचारते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची परिस्थिती फारच बेताची आहे. त्यांच्या मुलाला चांगल्या वसतिगृहात ठेवायचा खर्च आम्ही चार जण मिळून करायला तयार आहोत. तिथे त्याचं सगळं नीट होईल. हे बरोबर आहे का?

---

दीपमाळ

झुळूक, बाळबोध मुळीच नाही, आमच्याकडे दर वर्षी कुणीतरी हे विचारतं. गावात पुढची शाळाच नाही म्हणून वसतिगृह, हे ठीक. पण घरात पैसे नाहीत एवढ्याच कारणाने मूल घरापासून तोडू नका. मुलांच्या पर्यायी संगोपनाबद्दल संयुक्त राष्ट्रांची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत हे स्पष्ट आहे : निव्वळ गरिबी हे मुलाला आईवडिलांपासून वेगळं करण्याचं कारण होऊ नये, त्या घराला आधार द्यायची गरज आहे असं समजावं. तुम्ही चौघे वसतिगृहाला जेवढे देणार आहात तेवढ्यात त्या घराचं काय काय होऊ शकतं, ते आईवडिलांना विचारा. आणि मुलालाही विचारा. १९८९ च्या बालहक्क संहितेतलं बारावं कलम तेच सांगतं, मुलाशी संबंधित बाबींत त्याचं म्हणणं ऐकून घ्या म्हणून. आम्ही कित्येकदा सगळ्यांना विचारतो, फक्त मुलाला सोडून.

---

झुळूक

खरंच त्याला विचारलंच नव्हतं. विचारते.

---

नदीकाठ

रानजाई, आणखी एक तपासा. तुम्ही संस्थेत गेलात तेव्हा त्यांनी तुम्हाला मुलांपर्यंत किती सहज सोडलं? देणगी द्यायला आलेल्या अनोळखी माणसाला कुणी थेट मुलांमध्ये नेऊन बसवलं, 'काढा की फोटो' म्हणालं, तर मला ती संस्था नको. आज तुम्ही गेलात, उद्या कुणीही जाईल. मुलाच्या खासगीपणाचा हक्क त्याच संहितेच्या सोळाव्या कलमात आहे.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संस्थेत परत जाऊन आले. तुमचे प्रश्न कागदावर लिहून नेले होते.

ताळेबंद लगेच मिळाले, औदुंबर यांनी सांगितलं तसे तिन्ही वर्षांचे. राखीव निधी सहा महिन्यांचा आहे, एक वर्षाचा करायचा प्रयत्न चालू आहे असं संस्थेच्या बाई म्हणाल्या. मी पहिल्या वर्षी थोडी जास्तीची रक्कम त्यासाठीच देणार आहे. निधी एकत्रच असतो. मी अभ्यासवर्गात बसायला येऊ का असं विचारलं, तर कार्यकर्ती म्हणाली, 'ताई, लगेच नाही. दोन ओळखीच्यांची पत्रं लागतील, आणि सुरुवातीचे तीन महिने आमच्यापैकी कुणीतरी बरोबर असेल.' नदीकाठ, तुम्ही लिहिलं नसतं तर मला कदाचित याचं वाईट वाटलं असतं. मला बरं वाटलं.

मग तो 'हो / नाही'चा प्रश्न मी त्या बाईंनाच विचारला, की फॉर्मवर हा रकाना ठेवलाच का आहे? त्या म्हणाल्या, काही देणगीदार नाव कळल्याशिवाय देत नाहीत, आणि आम्हाला साठ मुलांना नाही म्हणता येत नाही. मात्र आई किंवा वडील आणि मूल, दोघांनी होकार दिला तरच ओळख करून देतो. मी त्यांना पाटीपेन्सिल यांची गोष्ट सांगितली, नाव-गाव काही न सांगता. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, 'आमच्याकडे निकालाच्या दिवशी मुलं देणगीदारांकडे जातात. हे आम्ही कधी धरलंच नव्हतं. बैठकीत काढते.'

मी 'नाही'वर खूण केली.

वह्यांचंही विचारलं. साध्या वह्या असतात, बाकी मुलं वापरतात तशाच, वर कुणाचं नाव नसतं. आता नव्या सत्रासाठी बूट घ्यायचे आहेत आणि त्याची यादी करायला मदत कराल का असं मला विचारलंय. त्यात काही लक्षात ठेवण्यासारखं असेल तर सांगा.

---

पाटीपेन्सिल

ताई, बूट जमल्यास एकाच रंगाचे, एकाच जातीचे सगळ्यांना घेऊ नका. साठ मुलांच्या पायांत अगदी सारखे बूट दिसले की शाळेत पहिल्याच दिवशी कळतं, कोण कुठलं ते. शाळेच्या नियमात बसतील असे दोन-तीन प्रकार ठेवा आणि मुलांना निवडू द्या.

---

अंगणवेल

आणि माप वाटपाच्या आठवड्यातच घ्यायला सांगा, आधीच्या यादीवरून नको. मुलांचे पाय भराभर वाढतात. बूट घट्ट झाला तरी मिळालेली वस्तू म्हणून मूल बोलत नाही, टाच दुमडून चपलेसारखा घालतं आणि आपल्याला वाटतं की पोराला शिस्त नाही. उभं करून माप घ्या, पायमोजे घालून, दोन्ही पायांचं. अंगठ्याच्या पुढे बोटभर जागा ठेवा. आणि घालून चालायला लावा, दारापर्यंत आणि परत.

---

रानजाई

लिहून घेतलं. उद्या सकाळी मोजपट्टी घेऊन जाते.